केवळरामचा वाटा

माणसानं निर्लज्ज असावं, पण त्यालाही काही माप असावं. मुरारीला ते माप नव्हतं, असं शकुनबाईचं म्हणणं. तीन रविवार झाले, हा माणूस निर्मलाबाई नर्सच्या ओसरीवर प्रार्थनेला येऊन बसत होता. पायताणं बाहेर नीट जोडून ठेवायचा, टोपी काढून मांडीवर घ्यायचा, आणि मागच्या भिंतीला टेकून असा गरीब चेहरा करायचा की पाहणाऱ्याला वाटावं, ह्यानं जन्मात मुंगी मारली नसेल. गाणं येत नसलं तरी ओठ हलवायचा. पास्टर श्यामराव "डोळे मिटा" म्हणाले की सगळ्यांच्या आधी ह्याचे डोळे मिटलेले. आणि प्रार्थना संपून गुळाचा काळा चहा फिरला की दोन्ही हातांनी कप धरून प्यायचा, वर पुन्हा "बाई, आनखी घोटभर आहे का?" हे विचारायला कमी नाही.

"च्या प्याले येते का प्रार्थनेले, ते विचारा त्याले," शकुनबाई निर्मलाबाईला म्हणाली. मुरारीला ऐकू जाईल अशाच बेतानं म्हणाली.

निर्मलाबाईनं मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सकी केली होती. कोणाच्या बोलण्यानं तिचा हात हलत नसे. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "येऊ द्या ना, शकुनबाई. आलेल्याला कसं जा म्हणायचं?"

"तुमचं दार आहे म्हनून नुसती बोलून राहिली जी. माहं असतं तं बोलली नसती. लावलं असतं."

मुरारीनं मान खाली घातली आणि चहा प्यायला. हेच तिला सोसत नव्हतं. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं; मान खाली घालून चहा पिणाऱ्याला काय द्यायचं?

मुरारी तिचा सख्खा दीर. तेरा वर्षांची असताना ती ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, लग्न होऊन आली तेव्हा हा सहा वर्षांचा, नाकाला शेंबूड आणि कमरेला नुसता करदोटा. सासू खाटेला खिळलेली. त्याचं नाक पुसलं शकुनबाईनं, काखोटीला मारून तलावावर नेलं शकुनबाईनं, बोहल्यावर उभा केला तोही तिनंच. नवरा गेल्यावर तिच्या घरातला मोठा माणूस म्हणजे मुरारीच. पुढं तो मच्छीमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष झाला, तर टोलीत पेढे तिनं वाटले. आणि मग एकाहत्तर सालचा कार्तिक आला.

गावचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळचा. मातीच्या पाळीला लागून पाण्यात दगडी बांधणीचं तुडूम. त्याच्या तळच्या भोकाला लाकडी बूच असायचं. बूच काढलं की पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत जायचं, ठोकलं की थांबायचं. त्या वर्षी बूच आतच तिरपं अडकलं आणि पाणी वाहून जाऊ लागलं. बुडी मारून ते बसवायचं काम ढिवराचं. केवळराम, शकुनबाईचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा, टोलीत त्याच्याएवढा लांब श्वास कोणाचा नव्हता. तुडमात उतरायची रीत ठरलेली. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक घरच्या माणसाच्या हातात. खालून एक हिसका आला की ओढायचं. दोर धरणारा थुंकायलासुद्धा मान वळवत नाही. त्या दिवशी सारी टोली धान कापायला गेली होती. पाळीवर मुरारी होता, आणखी कोणी नव्हतं.

दुपारी मुरारीची बोंब ऐकून माणसं धावली. केवळराम पाळीवर निजवलेला. कमरेला दोर नाही, अंगाला मोहाच्या दारूचा वास. मुरारीनं चाळीस घरांपुढं सांगितलं, "पोट्टा पिऊन आल्ता. मी दोर आनाले घरी गेलो, तेवढ्यात यानं उडी घेतली." जातीचे पंच बसले. पिऊन पाण्यात उतरला, चूक त्याची. झालं, निकाल लागला. तेव्हापासून केवळरामचं नाव टोलीत निघायचं ते पोरांना धाक घालायला: पिऊन पाण्यात जाऊ नका, केवळराम होईल.

"माह्या लेकानं दारूले हात नाही लावला," हे शकुनबाई ज्याला त्याला सांगत फिरली. जोरात सांगितलं, शिव्या देऊन सांगितलं. पण एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. आदल्या संध्याकाळी ती लेकाला बोलली होती. लग्नाचा विषय निघाला, तो नको म्हणाला, आणि तिची जीभ सुटली. बापाच्या मागं घर बुडवाले बसला, असं काहीबाही. पोरगा ताटावरून उठून गेला तो सकाळी परस्पर तलावावर. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओल्या छातीवर डोकं ठेवलं तेव्हा तो वास तिच्या नाकात शिरला. उपाशी पोटी, आईच्या बोलण्याच्या रागात, प्यायला असेल का? आयुष्यात पहिल्यांदा? लोकांशी भांडताना तिचा आवाज जेवढा मोठा निघायचा, तेवढा हा प्रश्न आत मोठा होत जायचा.

पहिले आठ दिवस तर तिनं अन्न घेतलं नाही, कोणाशी बोलली नाही. भगत येऊन म्हणाला, मागल्या जन्मीचं आहे बाई, फेडलं गेलं. शेजारणी म्हणाल्या, विसर. निर्मलाबाई आली ती सुई टोचायला, आणि टोचून झाल्यावर उठलीच नाही, जमिनीवर बसून राहिली.

"पाळीवर कोणी नव्हतं म्हणतात ना, शकुनबाई," ती म्हणाली, "पण देव होता. त्यानं पाहिलं आहे. तो विसरत नाही आणि कोणाच्या तोंडाकडे पाहून निकाल देत नाही. एक दिवस येणार आहे, त्या दिवशी झाकलेलं काहीच राहणार नाही."

शकुनबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या दिवशी मले समजन का, माहा केवळ पिऊन होता का नाही, तं?"

"समजेल."

सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की प्रकरण संपलं. ही एकटी बाई म्हणत होती की संपलं नाही, वरच्या कचेरीत फिर्याद घेतली गेली आहे, तारीख लागायची आहे. शकुनबाई दुसरी शिकलेली. प्रभू येशू कोण, त्यानं काय सोसलं, हे तिला पुढं हळूहळू कळलं. खोट्या साक्षीवर त्यालाही मारला, आणि त्याची आई खाली उभी राहून पाहत होती, हे ऐकलं तेव्हा ती ओसरीवरून उठून घरी गेली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पण मूळ धागा तोच होता, त्या दिवसाचा. पुढल्या वर्षी चूलबंद नदीत तिनं बाप्तिस्मा घेतला.

टोलीनं तिला वाळीत टाकलं. म्हणजे कोणी मारलं नाही, झोडलं नाही, नुसतं वगळलं. विहिरीवर ती आली की बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत. लग्नाचं बोलावणं शेजारच्या दारापर्यंत येई आणि तिथून परत फिरे. आणि तलावातला तिचा वाटा बंद झाला.

वाटा म्हणजे काय, हे ढिवराच्या घरी जन्मल्याशिवाय कळायचं नाही. वैशाखात पाणी उतरलं की सगळी टोली मिळून मोठं जाळं ओढते. निघालेल्या मासोळीचे पाळीवर घराघराप्रमाणे ढीग लावतात, चाळीस घरं तर चाळीस ढीग. मग अध्यक्ष ढिगांकडे पाठ करून बसतो. एक जण कोणत्याही ढिगाला काठी लावून ओरडतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा बसलेला माणूस ज्याचं नाव तोंडात येईल ते घेतो. ढिगात मोठी मरळ आली की चिल्लर झिंगे आले, त्याला दिसत नाही. म्हणून कोणाची तक्रार नाही.

शकुनबाईचं घर पाळीच्या उतारालाच. हाक थेट अंगणात यायची. हा कोनाचा? बाबुलालचा. हा कोनाचा? सीताबाईचा. तेरा वैशाख तिनं सुपात मुरमुरे पाखडत ही नावं ऐकली. चाळीसची एकोणचाळीस झाली होती. नावं संपली की लोक हसत-बोलत घरी जात, घराघरातून कालवणाचा वास सुटे, आणि ती आपलं मूठभर भात आणि अंबाडीची भाजी घेऊन बसे. घरात दुसरा आवाज नसे म्हणून ती स्वतःशीच बोलायची. चुलीला म्हणायची, "पेट बाप्पा, तुले काय झालं?" साकोलीच्या बाजारात मुरमुरे विकताना गिऱ्हाइकाशी दोन शब्द जास्त बोलायची आणि मग स्वतःवरच चिडायची. ताठ मानेची बाई, बोलायची भीक कशाला मागायची? अशा वेळी ती त्या दिवसाची आठवण करायची. मोठं मैदान असेल, सगळी टोली उभी असेल, मुरारी पुढं असेल, आणि देव म्हणेल, बोल. त्या एका शब्दावर तिनं तेरा वर्षं काढली होती. दुसऱ्यांचा संसार असतो, तिचा तो दिवस होता.

आणि आता तो मुरारी ओसरीवर चहा पीत होता.

चौथ्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टर श्यामराव साकोलीच्या बसला न जाता तिच्या मागं मागं घरी आले. माणूस भला, पण घाबरट. तिच्या अंगणात आले की छत्री बगलेतून काढून हातात धरायचे. तिनं बाज टाकली, पाणी दिलं.

"शकुनबाई, तुमच्या कानावर घालायचं होतं. मुरारी बाप्तिस्मा मागतो आहे."

ती सूप खाली ठेवून उभी राहिली. "कोनाचा?"

"स्वतःचा. बायको गेली, जमुनाबाई, तेव्हापासून तो माणूस सावरलेला नाही. दोन्ही पोरं जवाहरनगरच्या फॅक्टरीत, क्वार्टर सोडून येत नाहीत. खूप रडतो माझ्यापाशी."

"रडते? मंग तुम्ही का म्हनलं?"

"म्हटलं, जो खरा पश्चात्ताप करतो त्याची पापं प्रभू धुऊन टाकतो. पुन्हा त्यांची आठवण काढत नाही."

शकुनबाई परत खाली बसली. पास्टरांना वाटलं, समजलं बाईला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"आठवन काढत नाही," ती हळूच म्हणाली. "म्हंजे त्या दिवशी मुरारीले काही विचारनारच नाही?"

"तसं नाही, म्हणजे..."

"तसंच आहे जी. तेरा वर्सं मी त्या तारखेवर बसली. जात सोडली, वाटा सोडला, बोलाचं मानूस नाही राहिलं मले. अन् हा म्हतारपनी चार आसवं गाळते अन् फाईलच बंद? माहं काय मंग? माह्या पोराचं काय?"

"पापाची शिक्षा वाया जात नाही, बाई. ती प्रभूनं आपल्या अंगावर घेतली."

"त्यानं घेतली, त्याचे उपकार. पन मुरारीनं काय घेतलं? दोन कप च्या?"

श्यामराव छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले. हसू आलं होतं ते त्यांनी दाबलं, आणि मग हसण्यासारखं काही नाही हे त्यांना कळलं. तिला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तीही दाखवणार नव्हती; सूप उचलून तोंडापुढं धरलं आणि मुरमुरे नसलेलं सूप पाखडायला लागली.

मग ते म्हणाले, "माझंही चुकलं. मी त्याला अर्धंच सांगितलं. देव क्षमा करतो म्हणजे खोट्याला खरं म्हणतो असं नव्हे. खोटं त्याच्यापुढं टिकतच नाही. पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नाही. जे वाकडं केलं, ते जमेल तेवढं सरळ करायचं."

सूप थांबलं. "हे त्याले सांगितलं का?"

"नाही."

"मंग सांगू नका. त्याले माह्याकडं पाठवा."

मुरारी दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. कुडाच्या कुंपणाबाहेरच उभा राहिला. तेरा वर्षांत दोघं एकमेकांशी शब्द बोलली नव्हती. जवळून पाहिलं तर म्हातारा झाला होता. गालाची हाडं वर आलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या भोकात. ती गुंडी पाहून तिचा हात उगाच हलला. तिनं तो पदरात गुंडाळला.

"वयनी."

"उभाच राय तठी."

"वयनी, जमुनानं मरताना माह्या हातचं पानी नाही घेतलं. तिले माहीत होतं. म्हने, पयले शकुनले जाऊन सांग, मंग पाज. मी नाही आलो. ती तशीच गेली." त्यानं टोपी काढली. "सांगाले आलो. त्या दिवशी..."

"थांब!"

ती एवढ्या जोरानं ओरडली की शेजारच्या परड्यात कोवळ्या उन्हात बसलेली कोंबडी उठून पळाली. तेरा वर्षं जे ऐकायचं होतं ते आता कुंपणापलीकडं, चार हातांवर उभं होतं, आणि तिला भीती वाटली. हा म्हणाला, खरंच पिऊन होता वयनी, तुह्याच नावानं रडत होता, तर? मग कोणत्या तोंडानं ती त्या दिवसाची वाट पाहणार?

पण भीतीपेक्षा ताठपणा मोठा होता. "माह्या एकलीच्या कानात टाकून मोकळा व्हाचं का तुले? खोटं बोलला तवा चाळीस घरं होती ना पाळीवर? मंग खरं बोलाले कुंपन कायले लागते? शनिवारी जाळं ओढनार हायेत. मी येईन. तठी बोल. जे असंल ते. माह्या पोराचं वाईट असंल तेबी बोल."

"वयनी, टोली मले..."

"टोली काय करन? वाटा बंद करन, बाया बाजूले होतीन, लग्नाले नाही बोलावतीन. जगते मानूस त्याच्यावर. माह्याकडं पाय."

तो टोपी हातात घेऊनच गेला.

शनिवारी शकुनबाई पाळीवर चढली तेव्हा बाया बोलता बोलता थांबल्या. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि ती कोणाकडं न पाहता आंब्याच्या सावलीला जाऊन उभी राहिली. कोणीतरी मागून म्हणालं, "ख्रिस्तीन बाईले मासोळीचा वास लागला वाटते." ती वळली. "वास मले नाही, सुमनबाई, तुह्या तोंडाले येते. घरी गेली का दात घास." दोन-चार जणी हसल्या आणि मग आपण कोणावर हसलो ते आठवून गप्प झाल्या.

ढीग लागले. रोहू, कतला, एखादी मरळ, वरून झिंग्यांची मूठ. मुरारी ढिगांकडं पाठ करून, तलावाकडं तोंड करून बसला. काठी भैय्यालालच्या हातात होती.

"हा कोनाचा?"

"बाबुलालचा."

"हा कोनाचा?"

"आनंदाबाईचा."

नावं नेहमीसारखी जात राहिली. दहा, वीस, तीस. हा बोलणार नाही. हा नावं संपवेल, धोतर झटकेल आणि घरी जाईल, आणि रविवारी पुन्हा ओसरीवर चहा पिईल. मनात ती म्हणाली, देवा, मग तूच बोल बापा, आता माझ्यानं होत नाही. दुसरं काही तिला सुचलं नाही.

"हा कोनाचा?" भैय्यालालनं शेवटच्या ढिगांतल्या एकाला काठी लावली.

मुरारी थांबला. मग म्हणाला, "केवळरामचा."

काठी वरच राहिली. "कोनाचा म्हनलं, काका?"

"केवळरामचा. माह्या पुतन्याचा. मी मारला त्याले."

तो वळला नाही. पाण्याकडं तोंड करूनच बोलत होता, आणि वारा तिकडून असल्यामुळं शब्द सगळ्यांना नीट ऐकू येत होते. "त्याच्या कमरेले दोर होता. मीच बांधला. दोर माह्या हातात होता. साकोलीचा मासोळीचा व्यापारी सायकलवर आला, पाळीच्या त्या टोकाले उभा राहून बोलावून राहिला. म्या म्हनलं, दोन मिनिटं. दोर दगडाले गुंडाळला अन् गेलो. परत आलो तं दोर ताठ होता. किती येळा हिसका मारला असंल पोट्ट्यानं, मले माहीत नाही. ओढला, काढला. संपला होता. तुम्ही मले अध्यक्ष केलं होतं. दोर सोडून गेलो हे कसं सांगावं? मंग दोर सोडून झुडपात टाकला. व्यापाऱ्यानं देल्ली मोहाची शिशी होती जवळ. ते त्याच्या अंगावर..."

शकुनबाई सावलीतून निघाली. माणसं आपोआप बाजूला झाली. ढिगांमधून चालत ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"तोंडात का कपड्यावर?"

"वयनी..."

"एवढंच सांग. त्याच्या तोंडात होती का कपड्यावर?"

"कपड्यावर, वयनी. तोंडात थेंब नाही. पोट्टा त्या सकाळी मले म्हने, काका, बूच लवकर बसवू, आई उपाशी असंल, मी जेवलो नाही तं तीबी जेवली नसंल. मले घरी जाऊन जेवाचं आहे."

ती खाली बसली. तळहात तापलेल्या मातीवर टेकवून ती तलावाकडं पाहत राहिली. खरंच जेवली नव्हती ती त्या दिवशी. केवळला ते माहीत होतं.

मागं गलका सुरू झाला. भैय्यालालनं काठी फेकून दिली. कोणी म्हणालं पोलीस पाटलाला सांगा, कोणी म्हणालं तेरा वर्षांनी काय सांगता. बाबुलाल ओरडला, "ह्याचा ढीग उचला! हा ढिवर नोहे!" आणि दोघांनी मुरारीचा ढीग उचलून खरंच बाकीच्या ढिगांवर वाटून टाकला. एकेक घर आपली टोपली भरून पाळ उतरलं. आनंदाबाई जाता जाता थांबली, केवळरामचा ढीग पळसाच्या पानांवर गोळा करून तिनं शकुनबाईजवळ ठेवला आणि गेली. पाळीवर दोघंच राहिली, वहिनी आणि दीर, पाण्याकडं तोंड करून.

"वयनी, मले माफ..."

ती उठली. लुगड्याची माती झटकली, डोळे पुसले, आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, तिचं तोंड त्याला दिसेल अशी.

"ऐक, मुरारी. माफी माह्याजवळ आज नाही, अन् नसलेली चीज मी खोटी देनार नाही. ते काम देवाचं, त्याच्याकडून घे. तो देत असंल तं मी आडवी येत नाही. पन तो दिवस येनारच आहे, हे पक्कं ध्यानात ठेव. त्या दिवशी मी उभी राहीन. तुवा दोर सोडला ते सांगीन, दारू ओतली ते सांगीन, तेरा वर्सं मले एकली ठेवली ते सांगीन. अन् चाळीस घरांपुढं आपल्या तोंडानं खरं बोलला, तेबी सांगीन. यातलं एकबी गाळनार नाही. आता बाप्तिस्मा घे का नको घेऊ, तुही मर्जी. पन घेतला तं रविवारी भिंतीले टेकून चोरासारखा बसू नको. समोर बस, मले दिसशील असा."